मार साबाची अडीच पाने : हरवलेले ‘गुप्त शुभवर्तमान’ आणि त्याचा तपास

ओलीशाई

जेरुसलेमच्या आग्नेयेला, किद्रोनच्या कोरड्या दरीच्या कड्याला बिलगून मार साबा नावाचा ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ आहे. संत साबा यांनी तो इ.स. ४८३ मध्ये स्थापन केला. स्त्रियांना आजही मुख्य मठात प्रवेश नाही, त्यांना बाहेरच्या ‘स्त्रियांच्या बुरुजा’पर्यंतच जाता येते. (त्यामुळे मी कधी तेथे गेलेच, तरी पुढची सगळी हकिकत ज्या जागी घडली ती जागा मला दुरूनच पाहावी लागेल.)

१९५८ च्या उन्हाळ्यात कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मॉर्टन स्मिथ या मठात राहायला आले. ते इतिहासकार होतेच, शिवाय १९४० च्या दशकात त्यांनी एपिस्कोपल पंथाची धर्मगुरूपदाची दीक्षाही घेतलेली होती. दुसऱ्या महायुद्धात जेरुसलेममध्ये अडकून पडले असताना त्यांनी हा मठ पाहिला होता, आणि आता पॅट्रिआर्कच्या, म्हणजे जेरुसलेमच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या प्रमुखाच्या, परवानगीने त्यांना तेथील ग्रंथांची सूची करायची होती. मठातील मोलाची हस्तलिखिते एकोणिसाव्या शतकातच जेरुसलेमच्या पॅट्रिआर्केटमध्ये हलवलेली असल्यामुळे बुरुजातल्या ग्रंथालयात मुख्यतः छापील पुस्तके उरली होती आणि त्यांच्या कोऱ्या पानांवर साधूंनी काय काय लिहून ठेवले आहे, हे पाहणे हाच कामाचा मोठा भाग होता. मुक्काम संपत आला असताना त्यांच्या हाती एक पुस्तक आले. त्याचे मुखपृष्ठ नव्हते आणि शीर्षकाचे पानही गेलेले होते. शेवटच्या कोऱ्या पानांवर मात्र बारीक, घाईच्या वळणाचे ग्रीक हस्ताक्षर होते. मजकूर जेमतेम अडीच पानांचा होता आणि त्याच्या माथ्यावर लिहिले होते की ‘स्ट्रोमाटेइस’चा कर्ता, परमपवित्र क्लेमेंट याच्या थिओडोरला लिहिलेल्या पत्रांतला हा उतारा आहे.

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि तिसऱ्याच्या आरंभीचा ख्रिस्ती विचारवंत. ‘स्ट्रोमाटेइस’ म्हणजे रंगीबेरंगी आच्छादने. आपल्याकडे त्या ग्रंथाचे नाव ‘गोधडी’ असे सहज झाले असते, कारण तो खरोखरच ठिगळे जोडून शिवलेला आहे. या लेखकाचे एकही संपूर्ण पत्र शिल्लक नाही. मार साबातच राहिलेल्या दमास्कसच्या योहानाच्या नावावरील एका संग्रहात मात्र क्लेमेंटच्या पत्रांतली अवतरणे दिलेली आहेत, म्हणजे ती पत्रे एकेकाळी त्या परिसरात असावीत असे मानायला जागा आहे.

पत्र सांगते ते असे. येशूचा शिष्य पेत्र रोममध्ये राहत असताना मार्कने आपले शुभवर्तमान (गॉस्पेल, म्हणजे येशूचे चरित्र) लिहिले. पेत्र हुतात्मा झाल्यावर तो टिपणे घेऊन अलेक्झांड्रियाला आला आणि तेथे त्याने अधिक ‘आध्यात्मिक’ असे दुसरे शुभवर्तमान रचले, जे फक्त महारहस्यांची दीक्षा घेणाऱ्यांनाच वाचून दाखवले जात असे. पुढे कार्पोक्रेटिस नावाच्या पाखंडी गुरूने मंडळीतल्या एका धर्मगुरूला कह्यात घेऊन त्याच्याकडून या ग्रंथाची प्रत मिळवली आणि तीत स्वतःच्या भाकडकथा मिसळल्या. (घरचाच माणूस फुटला, हे येथे विसरू नये.) मग क्लेमेंट त्या गुप्त ग्रंथातला उताराच देतो : बेथानीत एका स्त्रीचा भाऊ मरण पावलेला असतो, येशू कबरीवरचा दगड सारून त्या तरुणाला हात धरून उठवतो आणि सहा दिवसांनंतर तो तरुण उघड्या अंगावर तागाचे वस्त्र पांघरून संध्याकाळी येशूकडे येतो, त्या रात्री येशू त्याला देवाच्या राज्याचे रहस्य शिकवतो. हा प्रसंग मार्कच्या सर्वपरिचित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात कोणत्या दोन वाक्यांच्या मध्ये येतो, तेही पत्रात नेमके सांगितले आहे. थिओडोरने ‘नग्नाबरोबर नग्न’ या शब्दांविषयी विचारलेले दिसते, कारण ते शब्द मूळ ग्रंथात नाहीत असे क्लेमेंट बजावतो. आणि सर्वांत विलक्षण सूचना अशी की हे गुप्त शुभवर्तमान मार्कचे आहे, हे त्या पाखंड्यांपुढे कधीही मान्य करू नये, शपथेवरसुद्धा नाकारावे.

मार्ककृत शुभवर्तमान वाचलेल्यांना चौदाव्या अध्यायातला तो तरुण आठवेल. येशूला पकडतात त्या रात्री अंगावर फक्त तागाचे वस्त्र घेतलेला कोणी तरुण त्याच्या मागे जातो आणि शिपायांनी धरल्यावर वस्त्र त्यांच्या हाती टाकून उघडाच पळतो. तो कोण, कोठून आला, याचा खुलासा त्या ग्रंथात नाही. मार साबाचे पत्र खरे मानले, तर त्याची ओळख पटते.

स्मिथनी छायाचित्रे काढली, पुस्तकावर ‘स्मिथ ६५’ असा आपला सूचीक्रमांक घातला आणि ते मठातच ठेवून ते परतले. १९६० मध्ये त्यांनी शोध जाहीर केला आणि १९७३ मध्ये त्यावर दोन पुस्तके काढली, एक विद्वानांसाठी आणि एक सर्वसामान्य वाचकांसाठी. तेव्हापासून एकच वाद चालू आहे : पत्र क्लेमेंटचे आहे, मधल्या कोणा साधूचे आहे, की ते स्मिथनी स्वतःच रचले?

माझे म्हणणे आधीच सांगते. पन्नास वर्षे सगळ्यांनी स्मिथ या माणसाची झडती घेतली. त्याचे विनोद, त्याचे टक्कल, त्याचे खासगी आयुष्य, त्याची अर्पणपत्रिका, काही म्हणून सोडले नाही. ज्या अडीच पानांची झडती घ्यायला हवी होती, ती पाने मात्र या काळात ग्रंथालयातून नाहीशी झाली. मला आरोपीपेक्षा मुद्देमालाची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

साक्षीदार

तीस वर्षे दिवाणी वकिली केल्यामुळे बनावट दस्तांशी माझा थोडा परिचय आहे. मुद्देमाल हरवला म्हणून आरोपीकडे पाहू नये, हे म्हणणे मला पटत नाही. दस्त हाती नसतो तेव्हाच हेतू, संधी आणि वर्तन यांना महत्त्व येते.

पहिली गोष्ट, जेम्स हंटर या लेखकाची ‘द मिस्टरी ऑफ मार साबा’ ही कादंबरी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात ख्रिस्ती श्रद्धेला सुरुंग लावणारे बनावट ग्रीक हस्तलिखित याच मठात पेरले जाते आणि ते ‘सापडते’. तिच्यात मोरेटन नावाचे एक पात्रही आहे. अठरा वर्षांनी मॉर्टन नावाच्या गृहस्थांना त्याच मठात तसेच हस्तलिखित सापडावे?

दुसरी गोष्ट त्या छापील पुस्तकाची. ते इझाक व्हॉसियसने १६४६ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेली संत इग्नेशियस या आरंभीच्या ख्रिस्ती बिशपच्या पत्रांची आवृत्ती आहे. इग्नेशियसच्या नावावर नंतरच्या लोकांनी बरीच भर घातली होती. त्यातला अस्सल पाठ वेगळा काढून ग्रीकमध्ये प्रथम छापला तो याच आवृत्तीने. म्हणजे बनावट पत्रे ओळखण्याच्या शास्त्रातला हा पायाचा दगड, आणि नेमक्या त्याच्याच पाठीवर नवे पत्र! शेवटच्या छापील पानावर व्हॉसियस जुन्या मजकुरात भर घालणाऱ्या नकलाकारांवर ताशेरे ओढतो. ते पान आणि हस्तलिखिताचे पहिले पान छायाचित्रात समोरासमोर दिसतात. एखाद्याने मुद्दाम सही करून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

आणि कायद्याचा मुद्दा निघालाच आहे म्हणून : मूळ कागद हरवला असेल तर दुय्यम पुरावा, म्हणजे छायाचित्र किंवा नक्कल, केव्हा चालतो हे सांगणारे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातले कलम ६५ च होते. स्मिथचा सूचीक्रमांकही ६५.

मोडीवाचक

साक्षीदार महोदय, आपण आपल्याच प्रतिपादनाचे खंडन शेवटच्या दोन वाक्यांत केलेत, याबद्दल आभार. कलम ६५ आणि ‘स्मिथ ६५’ हा योगायोग मोरेटन आणि मॉर्टन यांच्याइतकाच चमकदार आहे आणि त्यातून निष्पन्न मात्र काहीच होत नाही. मार साबा हा जुन्या ग्रंथांसाठी प्रसिद्ध असलेला मठ आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्याला तो सुचणे आणि संशोधकाला तेथे जावेसे वाटणे, या दोन्हींचे कारण एकच आहे.

मी मोडी कागदपत्रे वाचतो, त्यामुळे हस्ताक्षराविषयी बोलतो. छापील पुस्तकाच्या कोऱ्या पानावर भलताच मजकूर असणे यात विशेष काही नाही. कागद महाग असे तोवर सर्वत्र हीच रीत होती. आमच्या घरच्या एका छापील पोथीच्या शेवटच्या पानावर तीन पिढ्यांच्या जन्मवेळा, एका म्हशीच्या खरेदीचा हिशेब आणि पोटशुळावरचा काढा एकाखाली एक लिहिलेला आहे. सुट्या पानांवरचे जुने पत्र जीर्ण होऊ लागले म्हणून कोणा साधूने ते जवळच्या पुस्तकात उतरवून घेतले असेल, तर ते साधूच्या रीतीला धरूनच झाले.

ज्या जाणकारांना स्मिथनी छायाचित्रे दाखवली, त्यांनी हे वळण अठराव्या शतकाच्या आगेमागेचे ठरवले. पुढे २००५ मध्ये स्टीफन कार्लसन यांनी ‘द गॉस्पेल होक्स’ या पुस्तकात असा दावा केला की अक्षरांत कंप दिसतो, लेखणी मध्येच उचललेली दिसते, म्हणजे कोणीतरी दुसऱ्याचे वळण हळूहळू रेखाटत होते. हा आक्षेप तत्त्वतः योग्य आहे. खोटी सही आम्हीही अशीच ओळखतो. पण कार्लसन यांनी जी चित्रे पाहिली, ती पुस्तकात छापलेली, ठिपक्यांच्या जाळीतून उतरलेली होती. मूळ छायाचित्रे मोठी करून पाहणाऱ्यांनी दाखवून दिले की तो कंप पुष्कळसा छपाईच्या ठिपक्यांचा आहे. पुढे ग्रीक हस्ताक्षरतज्ज्ञ व्हेनेशिया अनास्तासोपुलू यांनी स्मिथचे ग्रीक अक्षर पत्राशी ताडून पाहिले आणि हे लेखन त्यांच्या हातचे असण्याची शक्यता फार कमी आहे, असे मत दिले. दुसरे ग्रीक तज्ज्ञ अगामेम्नॉन त्सेलिकास यांनी मात्र ते अर्वाचीन बनावट लेखन ठरवले. म्हणजे छायाचित्रांवरून जे दोन तज्ज्ञ बोलले, ते दोन दिशांना गेले.

मला स्वतःला अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे. १९९५ मध्ये अँड्र्यू क्रिडल यांनी पत्रातले शब्द मोजले. क्लेमेंटने आपल्या सर्व ग्रंथांत एकेकदाच वापरलेले शब्द पत्रात प्रमाणाबाहेर जास्त आहेत आणि त्याने कधीच न वापरलेले शब्द प्रमाणाबाहेर कमी आहेत. थोडक्यात, पत्र क्लेमेंटपेक्षाही अधिक क्लेमेंटी आहे. तुकोबांच्या नावावरचे अभंग तपासताना हाच अनुभव येतो : ‘तुका म्हणे’ ही मुद्रा कोणीही शेवटी जोडू शकतो, आणि नकली अभंगात तुकोबांचे ठेवणीतले शब्द असे खच्चून भरलेले असतात की खुद्द तुकोबांना तेवढी फुरसत झाली नसती.

गवतीचहा

फार रंजक विषय आहे. पण सरळ शंका येते ती कोणीच विचारत नाही. पाने चर्चनेच लपवली नसतील का? येशू रात्री एका तरुणाला गुप्त दीक्षा देतो, ही गोष्ट व्हॅटिकनला कशी परवडेल?

वसईची_वेस

गवतीचहा, मी वसईची कॅथलिक आहे, तेव्हा उत्तर द्यायचा अधिकार माझ्याकडे आहे असे समजते. मार साबा हा मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीचा आहे. १०५४ नंतर पूर्वेची आणि रोमची मंडळी वेगळ्या झाल्या त्या झाल्या, त्यामुळे जेरुसलेमच्या ग्रीक पॅट्रिआर्केटच्या कपाटाची किल्ली पोपमहाशयांकडे असण्याचे काही कारण नाही. कादंबऱ्यांतून व्हॅटिकनचे गुप्तहेर जगभर हिंडत असतात, पण या प्रकरणात त्यांना साधे भाडे मिळण्यासारखेही काम नव्हते. शिवाय पत्र १९७३ मध्येच छायाचित्रांसह छापले गेले. छापलेली गोष्ट लपवायची कशी?

आता मिठाविषयी. कार्लसन यांच्या पुस्तकातला एक मुद्दा येथे अजून आलेला नाही. पत्रात क्लेमेंट म्हणतो की खऱ्यात खोटे मिसळले की खरेही बिघडते, जसे मीठही आपला खारटपणा गमावते. कार्लसन यांचे म्हणणे असे की मिठात दुसरे काही मिसळायचे तर ते सुटे, भुरभुरीत मीठ हवे आणि तसे मीठ विसाव्या शतकात आले. ते आणणाऱ्या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीचे नाव मॉर्टन, म्हणजे स्मिथने येथे आपले नाव लपवून ठेवले आहे. हे वाचून मी खरोखर हसले. माझ्या आजोळी मिठागर होते. आगरातून ओढून काढलेल्या मिठाची वरची रास पांढरीशुभ्र असते आणि तळाचे मीठ चिखल लागून करडे होते. ते खडे उखळात कुटले की मीठ कोणते आणि माती कोणती हे सांगता येत नाही. आजी ते करडे मीठ स्वयंपाकाला घेत नसे, नारळाच्या आळ्यात टाकायला ठेवत असे, आणि ‘यात मिठापेक्षा मातीच जास्त’ असे म्हणत असे. भेसळ करायला कंपनीची वाट पाहावी लागत नाही. आणि मिठाचा दाखला तर प्रभूंच्या तोंडचाच आहे. क्लेमेंटने तो वापरला नसता तरच नवल.

आणखी एक गोष्ट सांगते, ती आपल्या बाजूची आहे. क्लेमेंटचे गुरू पँटेनस. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो की पँटेनस हिंदुस्थानात गेले आणि तेथे त्यांना मत्तयाचे शुभवर्तमान इब्री अक्षरांत लिहिलेले आढळले, जे प्रेषित बर्थलमयाने तेथे ठेवले होते, असे सांगत. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मास ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद करतो. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कोल्लम म्हणणारेही आहेत. खुद्द क्लेमेंटच्या ‘गोधडी’त बुद्धाचे नाव आहे, ‘बुट्टा’ असे. दूरदेशी ठेवलेले, थोड्यांनाच ठाऊक असलेले शुभवर्तमान ही कल्पना त्या गुरुशिष्यांच्या परंपरेत आधीपासून होती, एवढेच मला म्हणायचे आहे. त्यावरून मार साबाचे पत्र खरे ठरत नाही, हे मलाही समजते.

साक्षीदार

मिठाचा मुद्दा मी मागे घेतो, तसा तो मी मांडलाही नव्हता. कादंबरीचा मुद्दाही सौम्य करतो. पण हेतूचा प्रश्न उरतो. स्मिथ यांनी या उताऱ्यावरून काढलेला निष्कर्ष असा होता की येशू निवडक शिष्यांना रात्री बाप्तिस्म्यातून गुप्त दीक्षा देत असे. ‘रहस्य’, ‘दीक्षा’ आणि गुप्त शिकवण यांत स्मिथ यांना शोध लागण्याआधीपासून रस होता, हे त्यांच्या टीकाकारांनी दाखवलेले आहे. ज्याला जे हवे होते, ते त्याला अनोळखी मठात, शेवटच्या दिवसांत, निनावी पुस्तकाच्या पाठीवर सापडते. अशा साक्षीची उलटतपासणी करणे अन्यायाचे आहे का?

मोडीवाचक

उलटतपासणी जरूर करावी. पण ती कोणत्या प्रश्नांनी झाली, तेही पाहावे. स्मिथ अविवाहित होते, तेव्हा ते समलिंगी असावेत, आणि पत्रात नग्न तरुण आहे, तेव्हा पत्र त्यांचेच असावे, अशी साखळी काही विद्वानांनी जवळजवळ उघडपणे जोडली. पुराव्याच्या कोणत्याही शाखेत हिला पुरावा म्हणत नाहीत. स्मिथ १९९१ मध्ये वारले, त्यामुळे अशा युक्तिवादांपैकी बहुतेकांना उत्तर द्यायला ते हयात नव्हते.

कुंपणावरचा

दोनच पक्ष धरून चालल्यामुळे चर्चा अडते आहे, असे वाटते. २०२३ मध्ये जेफ्री स्मिथ (मॉर्टन स्मिथ यांचे नातलग नव्हेत) आणि ब्रेंट लँडाऊ यांनी या पत्रावर पुस्तक लिहून तिसरी बाजू मांडली. त्यांच्या मते पत्र क्लेमेंटचे नाही आणि मॉर्टन स्मिथचेही नाही. पाचव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान मार साबाच्या परिसरातल्याच कोणा साधूने ते क्लेमेंटच्या नावावर रचले असावे. त्या काळी दोन साधूंनी जोडीने राहावे की नाही, वडील साधूने तरुण शिष्याला जवळ ठेवावे की नाही, यावर मठांमध्ये कडाक्याचा वाद होता. येशूनेच एका तरुणाला जवळ बसवून शिकवले, असा जुना आधार त्या वादात एका पक्षाच्या फार उपयोगी पडला असता.

मला हे मत पटण्याजोगे वाटते, कारण त्यात क्रिडल यांच्या शब्दमोजणीचेही उत्तर मिळते. नक्कल करणारा क्लेमेंटी शब्द वेचून घालतो, मग तो सातव्या शतकातला असो की विसाव्या.

ओलीशाई

सर्वांचे आभार. आता ज्यासाठी मी हा विषय काढला, त्या मुद्देमालाकडे येते.

१९७५ मध्ये क्वेंटिन क्वेस्नेल यांनी एका लेखात अगदी साधी मागणी केली होती : छायाचित्रे पुरेशी नाहीत, पुस्तक तपासा. (हे गृहस्थ एकेकाळी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात होते. या प्रकरणात प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी धर्मगुरू उभा आहे.) ही मागणी बिनतोड होती. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, डेव्हिड फ्लुसर, श्लोमो पिनेस आणि तेव्हा तरुण असलेले गाय स्ट्रोमसा हे तीन यहुदी विद्वान आर्किमंड्राइट (ऑर्थोडॉक्स मंडळीतले वरिष्ठ साधू) मेलिटन यांना बरोबर घेऊन मार साबाला गेले. स्ट्रोमसा सांगतात की बुरुजातल्या फळीवर, धुळीत, ‘स्मिथ ६५’ असे लिहिलेले ते पुस्तक होते तेथेच होते. अठरा वर्षे त्याला बहुधा कोणाचा हात लागला नव्हता. मेलिटन यांनी ते सुरक्षिततेसाठी जेरुसलेमला पॅट्रिआर्केटच्या ग्रंथालयात आणले.

शाईची तपासणी करावी असे या मंडळींच्या मनात होते. चौकशी केली तेव्हा कळले की तशी सोय फक्त इस्रायली पोलिसांच्या प्रयोगशाळेत आहे. ग्रीक मठाचे पुस्तक पोलिसांच्या ताब्यात द्यायला मेलिटन राजी झाले नाहीत. १९६७ च्या युद्धाला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. शहराचा पूर्वभाग इस्रायलच्या ताब्यात होता आणि पॅट्रिआर्केट त्याच भागात. पोलिसांनी पुस्तक परत दिलेच नाही तर, ही भीती मला मुळीच अवास्तव वाटत नाही. पण ज्या एका दुपारच्या कामाने निदान शाईचा प्रश्न सुटला असता, ते काम तेथेच थांबले ते कायमचे. शाईवरून मजकूर क्लेमेंटचा की नाही हे कळले नसते, हे मोडीवाचक सांगतीलच. पण शाई विसाव्या शतकातली निघाली असती तर साक्षीदार महोदयांचे काम तेव्हाच संपले असते.

त्यानंतर ग्रंथपाल कॅलिस्टॉस दुर्वास यांनी हस्तलिखिताची पाने पुस्तकातून वेगळी काढली. छापील पुस्तक छापील पुस्तकांत आणि हस्तलिखित हस्तलिखितांत जावे, असा त्यांचा सरळ ग्रंथपाली विचार होता. त्यांनी पानांची रंगीत छायाचित्रेही घेतली. क्वेस्नेल १९८३ मध्ये स्वतः जेरुसलेमला गेले, तेव्हा पाने त्यांना पाहायला मिळाली. दुर्वास १९९० पर्यंत ग्रंथपाल होते आणि तोवर पाने तेथे होती, असे त्यांचे सांगणे आहे. त्यानंतर आजवर ती कोणालाही मिळालेली नाहीत. पुस्तक ग्रंथालयात आहे, पाने नाहीत. रंगीत छायाचित्रे २००० मध्ये प्रसिद्ध झाली आणि स्ट्रोमसांनी आपली हकिकत २००३ मध्ये छापली. तोपर्यंत स्मिथखेरीज ते पुस्तक कोणा पाश्चात्य विद्वानाने पाहिलेच नाही, असे अनेक जण ठामपणे लिहीत होते.

गवतीचहा यांना कट दिसतो. मला ग्रंथालय दिसते. मी एका जुन्या ग्रंथालयात चार वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. तेथे एका पोथीची दोन सुटी पाने बांधणीच्या वेळी वेगळी काढून पाकिटात ठेवली होती. पाकिटावर क्रमांक घातला होता, पण पोथीच्या नोंदीत पाकिटाचा उल्लेख करायचा राहून गेला. पाकीट एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले, कपाट रंगकामासाठी हलले, ज्यांना ते माहीत होते ते गृहस्थ निवृत्त झाले. पाने कोणी चोरली नाहीत, जाळली नाहीत. ती कोठेतरी आहेत, आणि नोंद नसल्यामुळे कोठेही नाहीत. पुस्तकात शिवलेले पान हरवत नाही. सुट्या पानाला मात्र आपला पत्ता नसतो.

वस्तू हाती असली की काय होते, याचे उलटे उदाहरण २०१२ मध्ये घडले. हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी रोममध्ये कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या, भाषेतला पपायरसचा (लव्हाळ्याच्या कागदाचा) एक तुकडा जाहीर केला, ज्यात येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द होते. पपायरस खरोखरच जुना निघाला. परंतु त्याच मालकाकडून आलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा तुकडा, त्याच हाताचा, एका १९२४ च्या छापील आवृत्तीतल्या एकाआड एक ओळींची हुबेहूब नक्कल असल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले आणि २०१६ मध्ये पत्रकाराने मालकाचा माग काढल्यावर किंग यांनीही तो बनावट असण्याकडेच पुरावा झुकतो हे मान्य केले. चार वर्षांत निकाल लागला, कारण तुकडे तपासायला समोर होते. मार साबाच्या प्रकरणाला साठ वर्षे उलटली.

साक्षीदार

म्हणजे आपल्या मते स्मिथ निर्दोष?

ओलीशाई

तसे मी म्हणत नाही. तज्ज्ञांची मते वाचून माझा कल कुंपणावरचे यांनी सांगितलेल्या तिसऱ्या बाजूकडे आहे, पण त्यावर मी पैज लावणार नाही. बनावट करणाऱ्याने आपले पुस्तक अठरा वर्षे त्याच फळीवर, स्वतःचा क्रमांक घालून, कोणाच्याही हाती लागेल असे ठेवावे, हे मला थोडे विचित्र वाटते. चोराने चोरीचा माल पत्ता लिहून ठेवावा तसे. यावर आपण म्हणाल की अति हुशार माणूस असेच करतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

वसईची_वेस

एक राहून गेले, ओलीशाईताई. ते पत्र संपते कसे, ते सांगा. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पान उलटून पाहिले होते.

ओलीशाई

सांगते. क्लेमेंट थिओडोरला आधी गुप्त ग्रंथातले उतारे देतो, त्यात काय आहे आणि काय नाही ते बजावतो, मग लिहितो की आता या सगळ्याचा खरा अर्थ, खऱ्या तत्त्वज्ञानाला धरून असलेला, असा आहे… आणि मजकूर तेथेच तुटतो. ते तिसरे पान आहे, आणि त्याचा खालचा भाग कोरा आहे. लिहिणाऱ्याच्या समोरच्या प्रतीत पुढचे पान नव्हते, की त्याला घंटेवर प्रार्थनेला जावे लागले, की त्याला थांबायचे तेथेच होते, हे ती कोरी जागा पाहून कळत नाही. त्या जागेला मी छायाचित्रात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पान तपकिरी पडले आहे आणि शेवटच्या ओळीच्या खाली शाईचा एक ठिपकाही नाही.